विंडोज पुन्हा टाकण्याआधी: पार्टिशनची तयारी

विंडोज नव्याने टाकताना घाम फोडणारी स्क्रीन एकच, ‘कुठे इन्स्टॉल करायचं?’ असं विचारणारी. तिथे सी, डी, ई असली ओळखीची अक्षरं नसतात. नुसतं ‘पार्टिशन ३’, ‘पार्टिशन ४’ (पार्टिशन म्हणजे डिस्कचा एक भाग) आणि पुढे आकडे. मी एकदा डिस्कचे दोन सारखे भाग करून ठेवले होते. त्या स्क्रीनवर दोन्ही ओळी जुळ्या दिसल्या आणि मी नको ती उडवली. तेव्हापासून पहिलं काम हेच: मशीन धड चालू आहे तोवर डिस्क मॅनेजमेंट (डिस्कचे भाग दाखवणारं विंडोजमधलं साधन) उघडायचं, प्रत्येक पार्टिशनला ओळखू येईल असं नाव द्यायचं, आकार कागदावर उतरवायचे आणि स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढायचा. दिलेलं नाव इन्स्टॉलरमध्येही दिसतं.

मग बॅकअप. सीवरचं डीवर टाकलं म्हणजे बॅकअप झाला, हा समज सोडा. डिस्क एकच आहे, गेली की दोन्ही जाणार. बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे फोल्डर सहसा सीमध्येच असतात, हे ऐनवेळी आठवत नाही. कॉपी झाल्यावर दोन-चार फायली उघडून बघा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. मशीनमध्ये दुसरी डिस्क असेल तर तिचीही केबल काढलेली बरी. नाहीतर इन्स्टॉलर कधीकधी बूटच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या, फायली तिच्यावर ठेवतो आणि पुढे ती डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही.

बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का, तेही आत्ताच बघा. बऱ्याच लॅपटॉपवर तो आपल्या नकळत चालू झालेला असतो. सी पुसून डी तसाच ठेवायचा असेल, तर नवीन विंडोज डी उघडताना ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती दुसरीकडे लिहून ठेवा, त्याच मशीनवर नको.

डिस्क एमबीआर आहे की जीपीटी? पार्टिशनचा नकाशा डिस्कवर लिहिण्याच्या या दोन पद्धती, एमबीआर जुनी आणि जीपीटी नवी. एमबीआरमध्ये प्रायमरी पार्टिशन चारच होतात आणि साधारण २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. यूईएफआयने (जुन्या बायोसच्या जागी आलेल्या, मशीन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरने) बूट होणाऱ्या मशीनवर विंडोजला जीपीटीच लागतं. डिस्कपार्ट या कमांड टाइप करून चालवायच्या विंडोजच्या साधनातली ‘क्लीन’ कमांड एका पार्टिशनवर थांबत नाही, अख्ख्या डिस्कचा नकाशा पुसते, त्यामुळे ऐकीव माहितीवर ती चालवू नका.

यादीत १०० एमबीचं ईएफआय (बूटच्या फायलींचं), १६ एमबीचं एमएसआर (विंडोजने राखून ठेवलेलं) अशी चिल्लर पार्टिशनंही दिसतील. फक्त सी बदलायचा असेल तर त्यांना हात लावू नका. सगळी डिस्कच कोरी करायची असेल तर सगळी उडवून रिकामी जागा निवडा. लागतील ती इन्स्टॉलर स्वतः बनवतो.

सीला किती जागा द्यायची हे आधीच ठरवून बसा. विंडोज ११ किमान ६४ जीबीची डिस्क मागतं, पण तेवढ्यात अपडेटचाच कोंडमारा होतो. मी २०० जीबी देतो, म्हणजे इन्स्टॉलरमध्ये २०४८०० एमबी. हात आखडता घेऊ नये, कारण डिस्क मॅनेजमेंटमधून सी वाढवायचा तर रिकामी जागा त्याला लागून उजवीकडेच हवी, आणि तिथे बहुतेकदा रिकव्हरीचं (विंडोज दुरुस्तीच्या फायलींचं) पार्टिशन किंवा डी ठाण मांडून बसलेला असतो. १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसली तर दचकू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने.

८ जीबीचा बूटेबल पेनड्राइव्ह आणि चार्जर हे सांगायला नको. पण लॅपटॉप इंटेलचा असेल तर उत्पादकाच्या साइटवरून स्टोरेजचा ड्रायव्हर (डिस्क ओळखायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) उतरवून त्याच पेनड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये उलगडून ठेवा. काही मॉडेलवर त्या स्क्रीनवर डिस्कच दिसत नाही आणि माणूस ती मेली असं धरून बसतो. ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो फोल्डर दाखवला की डिस्क यादीत येते.