क्वार्टरबॅक जखमी झाला, आता सॅलरी कॅपचं काय? हिशेब असा मांडा

आयपीएल पाहत पाहत एनएफएलकडे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगकडे, वळलेल्या प्रेक्षकाचा पहिला गोंधळ इथे होतो. आयपीएलमध्ये जखमी खेळाडूच्या जागी दुसरा घेतला, तर त्याची रक्कम त्या हंगामापुरती संघाच्या मर्यादेत धरत नाहीत. एनएफएलमध्ये अशी सूट नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू, हंगामभर घरी बसला तरी त्याचा आकडा सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या पगारखर्चाच्या वार्षिक मर्यादेत, जसाच्या तसा राहतो आणि बदली खेळाडूचा पगार त्यावर चढतो. म्हणून दुखापतीची बातमी आली की वैद्यकीय अहवालाइतकाच करारही वाचायला हवा.

तो कसा वाचायचा, हे अ‍ॅलेक्स स्मिथच्या उदाहरणावरून पाहू. १८ नोव्हेंबर २०१८ रोजी ह्यूस्टनविरुद्ध खेळताना वॉशिंग्टनच्या या क्वार्टरबॅकच्या उजव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली. पुढे जंतुसंसर्ग झाला, १७ शस्त्रक्रिया झाल्या, पाय कापावा लागतो की काय इथवर वेळ आली. (१९८५ साली याच तारखेला याच संघाच्या जो थाइसमनचा पाय मोडला होता. तेव्हा सॅलरी कॅप नव्हती. ती १९९४ साली आली.)

पायरी १ : करार वर्षावार मांडा

कराराच्या बातमीतला मोठा आकडा बाजूला ठेवा. स्मिथची करारवाढ ४ वर्षांची आणि ९.४ कोटी डॉलरची होती, पण त्यावरून काहीच कळत नाही. दोन गोष्टी शोधा : त्या वर्षाचा मूळ पगार आणि साइनिंग बोनसचा (करारावर सही केल्याबद्दल मिळणाऱ्या रकमेचा) त्या वर्षावर पडणारा हिस्सा. बोनस खेळाडूच्या हातात लवकर पडतो, कॅपमध्ये मात्र तो जास्तीत जास्त ५ वर्षांत समान वाटून धरतात. स्मिथचा बोनस २.७ कोटींचा, म्हणजे २०१८ ते २०२२ दर वर्षी ५४ लाख. २०१९ चा मूळ पगार १.५ कोटी. बेरीज २.०४ कोटी. हाच त्याचा त्या वर्षाचा कॅप हिट, आणि त्या अख्ख्या हंगामात तो एकदाही मैदानात उतरला नाही.

ओव्हर द कॅप आणि स्पॉट्रॅक या संकेतस्थळांवर असे वर्षावार तक्ते फुकट पाहायला मिळतात.

पायरी २ : बदलीचा खर्च त्यात मिळवा

जखमी खेळाडूला आयआर (इंज्युअर्ड रिझर्व्ह, म्हणजे जखमी राखीव खेळाडूंच्या) यादीत टाकलं की ५३ जणांच्या संघात एक जागा रिकामी होते. रिकामी होते ती जागा. पैसा मोकळा होत नाही. (आयआरवर गेल्यास पगार कमी करणारे करार असतात, पण ते बहुधा संघाच्या तळाशी असलेल्या खेळाडूंचे.) स्मिथनंतर कोल्ट मकॉय आला, दोनच आठवड्यांत त्याचाही पाय मोडला. मग मार्क सांचेझ, मग जॉश जॉन्सन. २०१९ मध्ये वॉशिंग्टनने डेन्व्हरकडून केस कीनमला घेतलं आणि ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) पहिल्या फेरीत ड्वेन हॅस्किन्सला निवडलं. क्वार्टरबॅकच्या नावावर किती खर्च पडतो, हे पाहायचं तर ही सगळी नावं एकत्र धरा.

पायरी ३ : गॅरंटी कशाची आहे ते बघा

सगळा हिशेब इथे ठरतो. गॅरंटी म्हणून दाखवलेली रक्कम एकजिनसी नसते. काही रक्कम कोणत्याही कारणाने काढलं तरी द्यावीच लागते, तर काही फक्त दुखापतीसाठी राखलेली असते : खेळाडू वैद्यकीय तपासणीत नापास झाला तरच ती लागू होते. स्मिथची एकूण गॅरंटी ७.१ कोटी. त्यात बोनस २.७ आणि २०१८, २०१९, २०२० या तीन वर्षांचे पगार अनुक्रमे १.३, १.५ आणि १.६ कोटी. म्हणजे पाय मोडला त्या क्षणी पुढच्या दोन वर्षांचे पगार पक्के झाले.

या कलमाची ताकद एवढी, की न झालेली दुखापतही संघाचे निर्णय बदलते. २०२२ च्या शेवटच्या दोन सामन्यांत रेडर्स संघाने आपला क्वार्टरबॅक डेरेक कार याला बाहेर बसवलं. तो जायबंदी झाला असता, तर ४.०४ कोटी डॉलर संघाच्या गळ्यात पडले असते. पुढच्या वर्षी ब्रॉन्कोज संघाचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन असाच शेवटचे दोन सामने बाहेर बसला. त्याच्या करारात २०२५ साठी दुखापतीची ३.७ कोटींची गॅरंटी होती. तंदुरुस्त खेळाडूला खेळण्यापासून रोखणारी ही व्यवस्था मला मुळीच पटत नाही. पण दोष गॅरंटीला देऊ नका. ज्या खेळात एका टॅकलने कारकीर्द संपते, तिथे खेळाडूला दुसरा कसला आधार आहे?

पायरी ४ : ‘काढून टाका’ म्हणण्याआधी वजाबाकी करा

काढल्यावर दोन रकमा कॅपवर येतात : बोनसचे न धरलेले सगळे हिस्से आणि पक्के झालेले पगार. यालाच डेड मनी म्हणतात. स्मिथला मार्च २०१९ मध्ये काढलं असतं, तर बोनसचे उरलेले ४ हिस्से, म्हणजे २.१६ कोटी, अधिक पगारांचे ३.१ कोटी : एकूण ५.२६ कोटी. ठेवला तर त्या वर्षी २.०४ कोटी. काढण्याचा प्रश्नच उरत नाही. १ जूननंतर काढल्याचं धरलं, तर बोनसचा चालू वर्षाचा हिस्सा त्या वर्षी आणि बाकीचा पुढच्या वर्षी पडतो. ओझं विभागलं जातं, घटत नाही.

पायरी ५ : पैसा पुढे ढकलला आहे का?

पगाराचं रूपांतर बोनसमध्ये करून संघ आजचा आकडा कमी करतात आणि तो पुढच्या वर्षांवर टाकतात. क्लीव्हलंडने आपला क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसन याच्या २३ कोटींच्या, पूर्ण गॅरंटीच्या कराराबाबत हेच पुन्हा पुन्हा केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याची टाचेवरची शीर, अकिलीस, तुटली आणि काही महिन्यांत ती पुन्हा तुटली. ढकललेला पैसा मात्र येणारच होता. असा करार तपासताना संघाने खेळाडूचा विमा उतरवला आहे का, तेही बघा. विम्याची भरपाई कॅपमध्ये परत जमा होऊ शकते.

पायरी ६ : शेवटी टक्केवारी काढा

२०१९ ची सॅलरी कॅप १८.८२ कोटी होती. स्मिथचे २.०४ कोटी म्हणजे जवळपास ११ टक्के. २०२५ ची कॅप २७.९२ कोटी, तीच रक्कम तिथे ७ टक्क्यांच्या आसपास. कॅप वाढत जाणार या भरवशावरच संघ पैसा पुढे ढकलतात. पण कोविडनंतर, २०२१ मध्ये, ती १९.८२ वरून १८.२५ कोटींवर घसरली. त्याच वर्षी मार्चमध्ये वॉशिंग्टनने स्मिथला सोडलं. आदल्या हंगामात तो मैदानात परतून कमबॅक प्लेयर ऑफ द इयर ठरला होता, आणि गॅरंटीचे सगळे पगार तोवर देऊन झाले होते.