जावास्क्रिप्टमध्ये शेल लिहिताय? या चुका टाळा

नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) स्वतःचा शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, लिहायला घेतला की पहिला दिवस मजेत जातो. नोडच्या रीडलाइनने टाइप केलेली ओळ वाचायची, कमांड चालवणाऱ्या ‘एक्झेक’ फंक्शनच्या हवाली करायची, उत्तर छापायचं. वीसेक ओळींत फाइलींची यादी देणारं ‘एलएस’ चालतं आणि आपण कोड गिटहबवर टाकून मोकळे होतो. मग कुणीतरी फोल्डर बदलणारं ‘सीडी’ टाइप करतं.

फोल्डर बदलतच नाही. चालू फोल्डर ज्या त्या प्रोसेसचं (चालू असलेल्या प्रोग्रामचं) स्वतःचं असतं. एक्झेकने सुरू केलेली प्रोसेस फोल्डर बदलते आणि संपते. आपण होतो तिथेच. म्हणून ‘सीडी’ शेलनेच करायचं, ‘प्रोसेस’मधलं ‘सीएचडीआयआर’ वापरून. शेल बंद करणारं ‘एक्झिट’ आणि पुढच्या कमांडना व्हेरिएबल देणारं ‘एक्सपोर्ट’ यांचंही तेच.

खरं तर एक्झेकच सोडा. लिनक्सवर तो आतून ‘एसएच’ या तयार शेललाच बोलावतो, म्हणजे तुमचा शेल नुसता निरोप्या! शिवाय आउटपुट १ एमबीच्या पुढे गेलं की मूळ सेटिंगमध्ये तो कमांडच मारून टाकतो. त्याऐवजी कमांड थेट सुरू करणारं ‘स्पॉन’ घ्या आणि ‘एसटीडीआयओ’ला ‘इनहेरिट’ द्या, म्हणजे कमांड तुमचाच कीबोर्ड आणि स्क्रीन वापरेल. मात्र आता ओळ फोडायचं काम तुमच्या गळ्यात. नुसत्या स्पेसवर स्प्लिट केलंत तर अवतरणात लिहिलेल्या "घरभाडे पावती" या एका फाइलच्या दोन होतील. तारांकनाच्या (*) जागी फाइलींची नावं भरणं हेही शेलचंच काम, मजकूर शोधणारं ‘ग्रेप’ ते करत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते टर्मिनल. कमांड चालू असताना रीडलाइनही कीबोर्ड वाचत बसली तर दोघांत ओढाताण होते: ‘विम’ एडिटरमध्ये टाइप केलेली काही अक्षरं विमला, काही तुमच्या शेलला. म्हणून स्पॉनआधी रीडलाइन पॉज करा. तेवढ्याने भागत नाही, कारण रीडलाइनने लावलेला रॉ मोड (यात टर्मिनल प्रत्येक की जशीच्या तशी प्रोग्रामला देतं) तसाच राहतो आणि इनपुटची वाट पाहणाऱ्या ‘कॅट’ला थांबवायला कितीही कंट्रोल-सी दाबा, ढिम्म! रॉ मोड हाताने बंद करा, कमांड संपली की पुन्हा चालू. आता कंट्रोल-सी लागू पडतं, पण त्याचा ‘सिगइंट’ सिग्नल शेललाही पोचतो. ‘सिगइंट’वर रिकामा हँडलर लावला नाहीत तर कमांडबरोबर शेलही जातो.

पाइपची, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या ‘|’ची, परीक्षा ‘येस | हेड’ने घ्या: येस न थांबता ओळी छापतं, हेड पहिल्या दहाच घेतं. पहिली कमांड संपेपर्यंत थांबलात तर जन्मभर थांबाल. दोन्ही एकदमच सुरू करायच्या. दहा ओळी घेऊन हेड निघून जातं, त्याच्या इनपुटवर ‘ईपाइप’ (वाचणारा निघून गेल्याची) एरर येते. ती पकडली नाही तर शेल कोसळतो. नुसती पकडून सोडून दिली तर येस मागे लटकून राहतं. त्याचं आउटपुट बंद करावं लागतं. चुकीच्या नावाची कमांडही अशीच शेल पाडते. तिथेही ‘एरर’ इव्हेंट ऐका आणि रिवाजाप्रमाणे ‘कमांड सापडली नाही’ सांगणारा १२७ कोड द्या.

आपल्या लोकांना हमखास भेटणारा बग वेगळाच. कमांडचं तुकड्यातुकड्यांनी येणारं आउटपुट व्हेरिएबलमध्ये घेताना प्रत्येक तुकड्याची लगेच स्ट्रिंग केली, तर मराठी मजकुरात मधेच प्रश्नचिन्हाचा चौकोन उगवतो. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं, आणि तुकडा नेमका ‘पावती’तल्या ‘व’च्या पोटात तुटतो. आउटपुटच्या स्ट्रीमला आधीच ‘सेटएन्कोडिंग’ने यूटीएफ-८ सांगून ठेवा. इंग्रजीवर टेस्ट केलंत तर हा कधीच सापडणार नाही.

लायसन्सची फाइल पहिल्याच कमिटमध्ये टाका. तिच्याशिवाय कोड दिसतो, वापरायची परवानगी मिळत नाही. आणि कमांड पुढे आणणाऱ्या किंवा मागे चालू ठेवणाऱ्या ‘एफजी’-‘बीजी’चा हट्ट सध्या नको. टर्मिनलचा ताबा एका प्रोसेस ग्रुपकडून दुसऱ्याकडे द्यायची सोय नोडमध्ये नाही, त्यासाठी नोडला जोडायचं, सी++सारख्या भाषेतलं नेटिव्ह अ‍ॅडऑन लागतं. रीडमीत तसं लिहून टाका, म्हणजे गिटहबवर तोच इश्यू (तक्रार) पुन्हा पुन्हा बंद करत बसावं लागणार नाही.