क्लबची सभा, पाहुणे वक्ते आणि निधी संकलन: या चुका टाळा

जुलै उजाडला की रोटरी, लायन्ससारख्या क्लबांत पदग्रहणाचे समारंभ होतात, नव्या अध्यक्षांच्या गळ्यात कॉलर पडते आणि वर्षभराच्या कार्यक्रमांची यादी व्हॉट्सॲपवर येते. यादी दर वर्षी चांगलीच असते. घोडं अडतं ते पुढे. सभेला अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, वक्ते मनातून वैतागून परतलेले, आणि गाजावाजा करून घेतलेल्या कार्यक्रमातून शेवटी किती उरले हे विचारलं की खजिनदार विषय बदलतात. या सगळ्याच्या मुळाशी मला एकच सवय दिसते. पाहुण्यांचा वेळ आणि देणगीदारांचा पैसा, दोन्ही आपण मागून आणलेले असतात, आणि वापरतो मात्र घरचे असल्यासारखे.

खालची उदाहरणं तालुक्याच्या गावातल्या रोटरी क्लबची आहेत. लायन्स, जेसीज किंवा महिला मंडळवाल्यांनी पदांची नावं बदलून वाचावीत.

सभा साडेसातची, वक्ते सव्वानऊला

पत्रिकेवर वेळ साडेसातची असते. आठला दहा कमी असताना अध्यक्ष घंटा वाजवतात. राष्ट्रगीत, फोर वे टेस्ट (रोटरीची चार प्रश्नांची आचारकसोटी), सेक्रेटरींच्या सूचना. मग महिन्यातले वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस. प्रत्येकाला गुलाब, प्रत्येकाचा फोटो, आणि जो बाहेर फोनवर बोलतोय त्याची वाट बघणं. कुणाच्या मुलीला बारावीत चांगले गुण मिळाले, तिचा सत्कार. एका पीपींना, म्हणजे माजी अध्यक्षांना, ‘दोनच शब्द’ बोलायचे असतात. त्यानंतर वक्त्यांचा परिचय, तोही बालवाडीपासून. शाल, श्रीफळ, रोपटं. फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा शाल. वक्ते माईकपाशी पोचतात तोवर मागच्या दाराने भाजीचा वास आत आलेला असतो आणि केटररचा पोऱ्या दोनदा डोकावून ‘सर, पोळ्या सुरू करू का?’ विचारून गेलेला असतो. ज्यांना पन्नास मिनिटं सांगून बोलावलं, त्यांना अध्यक्ष चिठ्ठी पाठवतात: थोडक्यात आवरा.

उपाय साधा आहे, क्रम उलटा करा. घंटा, राष्ट्रगीत, तीन ओळींचा परिचय आणि थेट भाषण. प्रश्नोत्तरं झाली की मग सूचना, वाढदिवस, सत्कार. परिचय वक्त्यांकडून मागवलेला बायोडेटा वाचून करू नये. ‘आजच्या विषयावर यांनीच का बोलावं’ एवढंच सांगावं. यावर हमखास येणारी तक्रार म्हणजे उशिरा येणाऱ्यांचं भाषण चुकेल. चुकू दे. दोन-तीन सभा चुकल्या की तेच लोक वेळेवर येऊ लागतात, आणि नाही आले तरी वेळेवर आलेल्यांनी त्यांची शिक्षा का भोगायची?

दर आठवड्याला सभा झालीच पाहिजे म्हणून मिळेल त्याला व्यासपीठावर उभं करायची प्रथाही आता सोडायला हरकत नाही. २०१६ मध्ये रोटरीने नियम सैल केले. महिन्याला किमान दोन सभा पुरतात. चार रडतखडत घेण्यापेक्षा दोन धड घ्या. तिसरी हवीच असेल तर एखाद्या सभासदाच्या कारखान्यात किंवा गोठ्यावर भरवा. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस यांनी पहिला क्लब काढला तेव्हाही सभा सभासदांच्या कचेऱ्यांत आळीपाळीनेच व्हायच्या. हॉलचं भाडं वाचतं आणि सभासद एकमेकांचं काम तरी बघतात.

‘विषय तुम्हीच ठरवा सर’

हे वाक्य आदरापोटी बोललं जातं, पण घात तिथेच होतो. हृदयरोगतज्ज्ञांना ‘हृदयविकार’ एवढंच सांगितलं तर ते वैद्यकीय परिषदेची स्लाइड्स घेऊन येणार, दुसरं काय करतील? त्याऐवजी फोनवरच सांगा की समोर चाळीसेक माणसं असतील, बहुतेक पन्नाशीच्या पुढची, व्यापारी आणि शिक्षक. वेळ पस्तीस मिनिटं. आणि आम्हाला कळायला हवं ते हे की रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं तर आपल्या गावातून पहिल्या तासात कुठे जायचं, गाडीत बसवण्याआधी काय करायचं. असा प्रश्न हातात मिळाला की चांगला वक्ता खुलतो.

गुंतवणूक, विमा, आरोग्यपूरक गोळ्या या विषयांवर फुकट बोलायला तयार असणाऱ्यांची कमी नसते. बोलवा, पण सभेत अर्ज वाटणार नाही आणि सभासदांचे नंबर मागणार नाही, हे आधीच लेखी घ्या. निवडणुकीच्या तोंडावर ‘सामाजिक विषयावर’ बोलायला येणाऱ्या इच्छुकांना नम्रपणे पुढची तारीख द्या. रोटरी आणि लायन्स दोन्ही पक्षीय राजकारणापासून लांब राहणाऱ्या संघटना आहेत. फ्लेक्सवर फोटो छापून झाल्यावर ते आठवून उपयोग नसतो.

तांत्रिक घोटाळे ठरलेले आहेत. वक्त्यांच्या घरच्या संगणकावरचं मराठी सादरीकरण आपल्या लॅपटॉपवर उघडलं की अक्षरांच्या जागी चौकोन आणि इंग्रजी खुणा दिसतात, कारण त्यांचा फाँट युनिकोड नसलेला, जुन्या पद्धतीचा असतो. आदल्या दिवशी पीडीएफ मागवून ठेवली की हा प्रश्नच उरत नाही. व्हिडिओ असेल तर आवाज लॅपटॉपमधून नको, हॉलच्या स्पीकरमधून यायला हवा; त्याची वायर सभेआधी लावून बघा. कॉर्डलेस माईकचे सेल नवे घाला.

बाहेरगावच्या पाहुण्यांना गाडीभाडं आणि मानधन यांबद्दल बोलायला आपल्याकडे उगाच संकोच वाटतो. ते निमंत्रणाच्या फोनवरच मोकळेपणाने बोलून टाकावं. जेवणाचंही तसंच, एकादशी, संकष्टी असेल किंवा मधुमेह असेल तर ऐनवेळी ताटावर बसल्यावर कळू नये.

प्रश्नोत्तरांत ‘प्रश्न असा नाही, पण एक अनुभव सांगतो’ म्हणून उठणारे एकदोघे प्रत्येक क्लबात असतात. प्रश्न चिठ्ठीवर मागवा आणि वाचायला खमका माणूस नेमा.

हाऊसफुल्ल झालं, उरलं काय?

निधीसाठी नाटकाचा आख्खा प्रयोग विकत घ्यायचा आणि तिकिटं आपण विकायची, ही आपल्याकडची जुनी, लाडकी वाट. बहुतेक क्लब इथेच फसतात, म्हणून हिशोब मांडून बघू. समजा नाट्यगृह ७०० खुर्च्यांचं, तिकीट सरासरी ३०० रुपये. एकही खुर्ची रिकामी राहिली नाही तरी गल्ला २,१०,००० रुपये. त्यातून पास वजा करा: अधिकारी, पत्रकार, जाहिरातदारांची कुटुंबं, डिस्ट्रिक्टचे (अनेक क्लबांच्या वरच्या विभागाचे) पाहुणे. ८० पास म्हणजे २४,००० गेले, राहिले १,८६,०००. नाटकाची रक्कम, नाट्यगृहाचं भाडं, मंडळींची राहण्या-जेवणाची सोय, छपाई आणि फ्लेक्स मिळून समजा १,६०,०००. उरले २६,०००. आणि हे सगळं घर भरलं तर! शंभर खुर्च्या रिकाम्या राहिल्या की क्लब पदरचे ४,००० घालून करमणूक करून मोकळा.

म्हणजे पैसा तिकिटांत नाही, तो प्रायोजकांत आणि स्मरणिकेच्या जाहिरातींत आहे. त्यामुळे खर्च भागेल एवढे प्रायोजक लेखी मिळाल्याशिवाय प्रयोगाचा ॲडव्हान्स देऊ नये. मग तिकिटाचा प्रत्येक रुपया थेट कामाला जातो, आणि तिकीट विकतानाही तोंड वर करून तसं सांगता येतं. पासची संख्या कार्यकारिणीच्या ठरावात लिहून टाका, म्हणजे अध्यक्षांना ‘नाही’ म्हणायला आधार मिळतो.

दुसरी गळती तिकीट-पुस्तकांची. प्रत्येक सभासदाला वीस तिकिटं वाटली जातात. त्यातली चौदा प्रयोगाच्या दिवशी दुपारी ‘जमलं नाही हो’ म्हणून परत येतात, तेव्हा ती विकायला कुणीच उरलेलं नसतं. परतीची शेवटची तारीख एक आठवडा आधीची ठेवा; त्यानंतर हातात राहिलेली तिकिटं त्या सभासदाची, पैसे त्याने भरायचे. कडू वाटेल, पण पहिल्याच सभेत जाहीर केलं तर कुणी रुसत नाही.

तारीख ठरवताना दहावी-बारावीच्या परीक्षा आणि लग्नाचे दाट मुहूर्त बघायचे, हे सगळ्यांना माहीत असतं. बघायचं राहतं ते शेजारच्या क्लबांचं. बाजारपेठेतले तेच दहा-पंधरा दुकानदार, तेच सराफ, तोच बिल्डर. एकाच पंधरवड्यात रोटरीची स्मरणिका, लायन्सचा दांडिया आणि गणेश मंडळाची वर्गणी त्यांच्या काउंटरवर पोचते. जूनमध्येच सगळ्या सेक्रेटरींनी एकदा चहाला बसून तारखा वाटून घेतल्या तर दुकानदार दुवा देतील.

मॅरेथॉनमध्ये टी-शर्ट, पदक आणि नाश्त्यात नावनोंदणीची फी संपते, तेव्हा गणित नाटकाचंच आहे. दिवाळी फराळ मात्र लहान क्लबांना परवडतो: बचत गटाकडून करून घ्यायचा, अन्न सुरक्षा नोंदणी त्या गटाकडे आहे ना हे बघायचं, आणि आगाऊ पैसे देऊन नोंदवलेल्या मागणीएवढाच बनवायचा. अंदाजाने केलेल्या चकल्या भाऊबीजेनंतर सभासदांच्याच घरी मऊ पडतात. लकी ड्रॉची कुपनं विकण्याआधी वकिलांना विचारा. बक्षिसाच्या आशेवर पैसे घेऊन सोडत काढणं लॉटरीच्या कायद्यात अडकू शकतं. काम चांगलं आहे म्हणून त्यात सूट नसते.

पावती कुणाची, खातं कुणाचं?

‘एटीजीची पावती मिळेल’, म्हणजे देणगीवर ८०जी खाली आयकरात सवलत मिळेल, असं क्लबातला प्रत्येक जण सांगतो. पण ही सवलत ज्या संस्थेची आयकर खात्याकडे मान्यता आहे तिच्याच पावतीवर मिळते, आणि बऱ्याच ठिकाणी ती मान्यता क्लबच्या ट्रस्टकडे असते, क्लबकडे नाही. पैसे क्लबच्या खात्यात आणि पावती ट्रस्टची, असं करू नका. रोख २,००० रुपयांच्या वर देणगी घेतली तर देणाऱ्याला सवलत नाही. त्याने नवी करप्रणाली घेतली असेल तरी नाही. वस्तुरूपात दिलं तरी नाही. नाटकाचं तिकीट घेतलं तर ती देणगीच नव्हे. हे आधी सांगितलं तर चार जण कमी देतील, पण मार्चअखेरीला सीएचे फोन येणार नाहीत. पावती फाडतानाच पॅन घ्या. देणगीदारांची यादी ट्रस्टला ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरायची असते, आणि तेव्हा पॅन गोळा करत फिरणं फार जिकिरीचं होतं.

स्टॉलवर खजिनदारांच्या स्वतःच्या मोबाइलचा क्यूआर चिकटवणं ही आजकालची सर्रास चूक. माणूस कितीही सचोटीचा असो, त्याच्या घरखर्चात मिसळलेला निधी नंतर वेगळा काढताना संशयाला जागा राहतेच. क्यूआर संस्थेच्या खात्याचाच हवा. क्लब किंवा ट्रस्ट नोंदणीकृत नसेल तर लोकांकडून वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची कलम ४१क खालची परवानगी काढा, गणेश मंडळं काढतात तीच. एमआयडीसीतल्या कंपनीकडे सीएसआरसाठी, म्हणजे तिच्या सामाजिक कामाच्या निधीसाठी, जायचं असेल तर असा निधी घेणाऱ्या संस्थांना लागणारी सीएसआर-१ नोंदणी ट्रस्टची आहे का हे आधी तपासा. २०२१ पासून ती लागते, आणि नसेल तर कंपनीचा माणूस चहा पाजून परत पाठवतो.

‘समाजोपयोगी कार्यासाठी’

पत्रकावर एवढंच लिहिलं की देणारा शंभराची नोट काढतो. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओ हटवण्याचं पोलिओप्लस हे काम हाती घेतलं तेव्हा उद्दिष्ट एका वाक्यात सांगता येत होतं, आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर होईपर्यंत ते बदललं नाही. तुमच्या गावचं उद्दिष्टही तितकंच नेमकं असू द्या: अमुक रुग्णालय, अमुक यंत्र, अमुक रक्कम. मात्र यंत्राची किंमत म्हणजे कामाची किंमत नव्हे. डायलिसिस मशीन दिलं, पण पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट नाही, तंत्रज्ञ नाही, डायलायझर (रक्त गाळणारा भाग) आणि नळ्यांचा रोजचा खर्च कोण करणार ते ठरलेलं नाही. मग नावाच्या पाटीसकट मशीन आच्छादनाखाली उभं राहतं. शाळेला ई-लर्निंग संच देण्याआधी विजेचं बिल कोण भरतं तेवढं मुख्याध्यापकांना विचारा.

शेवटची गडबड ३० जूनची. क्लबचं वर्ष त्या दिवशी संपतं, पण बँक खात्यावरच्या सह्या १ जुलैला आपोआप बदलत नाहीत. ठराव, केवायसी, नव्या सह्यांचे नमुने यांत काही आठवडे जातात, आणि नेमकं त्याच सुमारास शाळेच्या वह्यांचं बिल द्यायचं असतं. सह्या बदलण्याचा ठराव मेच्या बैठकीत करून ठेवा, आणि कार्यक्रमाचा जमाखर्च नव्या खजिनदारांकडे व्हाउचरांसकट, सही घेऊन द्या.