अनोळखी पक्षी काककुळातला आहे का? ओळखताना या चुका टाळा

इंदूरमध्ये आमच्या घरामागे कडुलिंबाचे जुने झाड आहे. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी शेजारच्या काकूंनी गच्चीवरून हाक मारली, "लवकर वर या, भारद्वाज बसलाय, दर्शन घ्या!" वर जाऊन पाहिले, तर फांदीवर टकाचोर, म्हणजे काककुळातला (कावळ्याच्या कुळातला) पक्षी होता. काकूंची चूक अगदी स्वाभाविक होती, कारण तांबूस आणि काळा हे दोन्ही रंग या दोन्ही पक्ष्यांत आहेत; मात्र त्यांच्या जागा जवळजवळ उलट आहेत. भारद्वाजाचे अंग काळे आणि पंख तांबूस असतात. टकाचोराचे डोके, मान आणि छाती काजळीसारखी, पाठ व पोट तांबूस, आणि काळ्या पंखांवर रुंद करडा-पांढरा पट्टा असतो. म्हणून नुसते "तांबूस आणि काळा" एवढेच लक्षात ठेवणे ही सर्वांत मोठी चूक होय. कोणता रंग अंगावर कुठे होता, हे त्याच क्षणी वहीत लिहून ठेवावे.

शेपटीकडे दुर्लक्ष करू नये. टकाचोराची शेपूट लांब, राखी आणि टोकाला काळी असते, व मधली पिसे सर्वांत लांब असल्यामुळे ती टोकाकडे निमुळती होत गेलेली दिसते. भारद्वाजाची शेपूट रुंद आणि पूर्ण काळी असते. याच शेपटीमुळे आकाराचा अंदाजही चुकतो. "कावळ्याएवढा होता" असे सांगणाऱ्याने शेपूटही मोजलेली असते. शेपूट वगळली, तर टकाचोराचे अंग साळुंकीच्या मापाचे भरते. तुलनेसाठी नेहमीचे पक्षी घ्यावेत: चिमणी सुमारे 15 सेंमी, साळुंकी 23, पारवा 32 आणि गावकावळा 40 सेंमीच्या आसपास असतो.

नावावरून नाते जोडणेही टाळायला हवे. भारद्वाजाला इंग्रजीत 'क्रो फेझंट' म्हणत आले आहेत, त्यामुळे अनेकजण त्याला कावळ्याचा नातलग समजतात. प्रत्यक्षात तो कोकिळेच्या कुळातला आहे. नीलकंठाला जुनी मंडळी 'ब्लू जे' म्हणत, पण 'जे' नावाच्या पक्ष्यांच्या काककुळाशी त्याचा संबंध नाही. शंका आली आणि पक्षी जवळ असला, तर दुर्बिणीतून पाय पाहावेत. कावळा व टकाचोर यांची तीन बोटे पुढे आणि एक मागे असते, तर भारद्वाज आणि कोकीळ यांची दोन पुढे व दोन मागे. कावळ्याच्या चोचीच्या मुळाशी नाकपुड्या झाकणारी केसांसारखी ताठ पिसेही दिसतात, आणि एकदा ती नीट पाहिली की पुढे विसरता येत नाहीत.

पूर्ण काळा पक्षी दिसला की घाईने "डोमकावळा" म्हणण्याची सवय मला फार खटकते. सिरपूर तलावाच्या बांधावर संध्याकाळी सूर्य समोर असताना गावकावळ्याची करडी मानही काळीच दिसते. अशा वेळी जागा बदलून उजेड पाठीशी घ्यावा, आणि मगच मान पाहावी. डोमकावळ्याची मान काळी, चोच अधिक जाड व वरून कमानदार, आणि आवाज जास्त घोगरा असतो. नर कोकीळही काळाच, पण त्याचे डोळे लाल आणि चोच फिकट हिरवट असते. कोतवाल मात्र शेपटीच्या दुभंगलेल्या टोकावरून लगेच ओळखू येतो.

उन्हाळ्याच्या शेवटी आणखी एक गोंधळ होतो. गावकावळ्याच्या घरट्यात वाढणारे कोकिळेचे पिल्लू काळसर असते आणि त्याला कावळेच भरवतात. त्यामुळे भरवणारा कावळा दिसला, म्हणजे पिल्लू कावळ्याचेच, असे मानू नये.

आवाजाबाबत उलटी चूक घडते. काककुळ म्हणजे कर्कश, असे मनात पक्के बसलेले असते. टकाचोर कर्कश ओरडतो खरा, पण त्याची गोड, घुमणारी, तीन तुकड्यांची शीळही असते, आणि ती ऐकून लोक दुसराच पक्षी शोधत बसतात. मोबाइलवरील ॲपने आवाजावरून सुचवलेले नाव हा अंदाज आहे. त्या झाडावर दुसरा पक्षीही बोलत असू शकतो, म्हणून पक्षी चोच उघडताना दिसेपर्यंत थांबावे. इंदूरजवळच्या रालामंडलच्या झाडीत टकाचोर बहुधा जोडीने हिंडतात. एक उडाला की दुसरा त्याच वाटेने येतो, तेव्हा पहिला निसटला तरी तिथून नजर हलवू नये.

पंखांत पांढरी पिसे असलेला कावळा दिसला, तर ती नवी जात समजू नये. रंगद्रव्याच्या अभावामुळे असे होते. त्याची चोच, मान आणि चाल नेहमीच्या गावकावळ्याशी ताडून पाहावी, आणि नोंदीत "पांढरी पिसे असलेला गावकावळा" असेच लिहावे.