रोजच्या भक्तीतून ख्रिस्ती शील घडवताना: एका वेळी एकच गुण

आत्म्याच्या फळाचे, म्हणजे पवित्र आत्मा माणसात घडवतो ते, नऊ गुण बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात (5:22-23) एका दमात सांगितले आहेत, पण ते एका दमात अंगी बाणत नाहीत. महिनाभरासाठी एकच गुण धरा. कोणता, हे घरच्यांना विचारा. आपला कोणता स्वभाव जाचतो हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

समजा उत्तर आलं, 'तू फटकन लागेल असं बोलतोस.' मग सौम्यता धरा आणि याकोबाचं पत्र घ्या. त्यात 108 वचनं आहेत. रोज अकराएक वाचलीत तर दहा दिवसांत पत्र संपतं, महिन्यात तीन वेळा होतं. 1:19 पाठ करा: ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला मंद. जिभेविषयीचा तिसरा अध्याय मात्र घाईने उरकू नका.

सकाळी वीस मिनिटं पुरतात: दहा वाचनाला, पाच शांत बसायला, पाच प्रार्थनेला. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. वाचून झाल्यावर आजच्या दिवसातली एक जागा शोधा आणि माणूस, वेळ, कृती असं तिन्ही लिहा. 'आज शांत राहीन' हा संकल्प दुपारपर्यंतही टिकत नाही, कारण तो कुठे पाळायचा तेच ठरलेलं नसतं. 'संध्याकाळी खर्चाचा विषय निघाला की समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत मध्ये तोंड घालणार नाही' हे पाळता येतं.

नुसतं सोडून भागत नाही. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात चोरी करणाऱ्याला 'चोरी सोड' एवढंच सांगितलेलं नाही. त्याने कष्ट करावेत आणि गरजवंताला द्यावं, असंही आहे. जिभेचंही तसंच. ज्याला टोचून बोलत होतो, त्याच्याच कामातली एखादी चांगली गोष्ट त्याला सांगायची (4:29). नाहीतर टोमणे थांबतात आणि अबोला सुरू होतो, म्हणजे राग जिथल्या तिथेच.

रात्री पाच मिनिटं स्तोत्र 139:23-24 म्हणून दिवस आठवा. 'प्रभू, मी कमी पडलो' ही कबुली फार मोघम झाली. काय बोललो, कोणाला, हे नाव घेऊन पदरी घ्या आणि 1 योहान 1:9 वर विश्वास ठेवून क्षमा स्वीकारा. मात्र देवाकडे मागितली म्हणून माणसाकडे मागायची राहू नये (मत्तय 5:23-24). मागताना 'पण' येऊ देऊ नका. 'मी ओरडलो, पण तूही...' ही क्षमायाचना नव्हे, उलट तक्रार झाली. 'तुला टाकून बोललो. चुकलं माझं. मला क्षमा कर.' बस्स. चारचौघांत बोलला असाल तर क्षमाही त्या चौघांसमोरच मागा. हे सगळ्यात जड जातं. अनेकांची गाडी इथेच अडते.

वाचन चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका. त्या दिवसाचा भाग घ्या. वहीत पाळलेल्या दिवसांच्या खुणा वाढल्या की दुसरा धोका: मंदिरातला परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा (लूक 18), आपल्या उपासांची यादी देवालाच वाचून दाखवत होता. आणि सगळं स्वतःच्या जोरावर चाललं असेल तर दोन-तीन आठवड्यांत दमछाक होते. योहान 15:5 त्यासाठीच आहे: येशू म्हणतो, माझ्यापासून वेगळे राहून तुम्हाला काही करता येत नाही. राग चढतो त्याच क्षणी 'प्रभू, सांभाळ' एवढी प्रार्थना पुरते. सकाळची लांब प्रार्थना त्या क्षणाची जागा घेत नाही.

सहनशीलतेचा महिना असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: घरात मारहाण होत असेल तर ती सोसत राहणं म्हणजे हा गुण नव्हे. तिथे आधी सुरक्षित जागी जा, मदत मागा.

आठवड्यातून एकदा मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका विश्वासू व्यक्तीजवळ बसा (याकोब 5:16). पुरुषाने पुरुषाजवळ, स्त्रीने स्त्रीजवळ बसलेलं बरं. अर्धा तास पुरतो. त्या व्यक्तीने दोनच गोष्टी विचाराव्यात: ठरवलेलं कुठे मोडलं, आणि ज्याला दुखावलं त्याच्याकडे गेलात का? तिथलं बोलणं 'प्रार्थनेचा विषय' म्हणूनही बाहेर जाता कामा नये.