हैदराबादला रेप्लिका आहे म्हणून निर्धास्त आहात? या चुका टाळा

"डीआर, म्हणजे एक ठिकाण बंद पडलं तर दुसरीकडून काम चालू ठेवायची सोय, आहे ना?" असं विचारलं की बहुतेक टीम्स सांगतात, "हो, हैदराबादला रेप्लिका आहे." पण रेप्लिका म्हणजे नुसती डेटाची प्रत. मुंबई रीजन (तिथल्या क्लाउड डेटा सेंटरांचा गट) बंद पडलं तर ॲप त्या प्रतीपर्यंत पोचेल का, हा प्रश्न वेगळा. माझ्या अनुभवात घोडं अडतं ते डेटाबेसमध्ये कमी आणि नेटवर्कमध्ये जास्त.

दोन्हीकडे एकच आयपी रेंज

एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडच्या प्रत्येक रीजनमध्ये डिफॉल्ट व्हीपीसीची (आपल्या खासगी नेटवर्कची) आयपी रेंज तीच असते: १७२.३१.०.०/१६. आमच्या एका क्लायंटने मुंबईत त्यावरच सगळा संसार मांडला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबाद रीजन सुरू झालं, तेव्हा तिथेही डिफॉल्टच घेतलं. रेंज एकमेकींवर आल्या की पीअरिंग (दोन व्हीपीसी थेट जोडणं) होतच नाही. हैदराबादला अजून डेटा गेला नव्हता म्हणून व्हीपीसी पाडून नवं बांधता आलं.

मग पुढचा घोळ. पीअरिंग साखळीसारखं पुढे जात नाही. ऑफिसचं व्हीपीएन मुंबईत उतरत असेल, तर तिथून पीअरिंगमार्गे हैदराबाद गाठता येत नाही. त्यासाठी वेगळं व्हीपीएन किंवा ट्रान्झिट गेटवे (अनेक नेटवर्क जोडणारा मधला राउटर) लागतो. ते केलं. पहिल्या ड्रिलला (सरावाला) डेटाबेस मिनिटांत उभा राहिला आणि पेमेंट मात्र एकही जाईना. बँकेच्या फायरवॉलमध्ये फक्त मुंबईचे आयपी होते. तिथे नवा आयपी घालायचा म्हणजे अर्ज, मंजुरी, मग त्यांची चेंज विंडो. शनिवारची अख्खी रात्र ऐरोलीच्या ऑफिसात वडापाव खात काढली. तुमचे आयपी बाहेर कोणाकोणाकडे नोंदवलेले आहेत, त्याची यादी आजच करा.

अंतर न मोजता सिंक्रोनस

सिंक्रोनस म्हणजे रेप्लिकाची पोच आल्याशिवाय कमिट (बदल पक्का होणं) पूर्ण होत नाही. फायबरमधून प्रकाशाला एका किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. मुंबई-हैदराबाद सरळ रेषेत सहाशेच्या वर किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ६ मिलिसेकंद. केबल सरळ जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. एका व्यवहारात एकामागून एक २० कमिट असतील तर १२० मिलिसेकंद नुसत्या वाटेत गेले. शिवाय पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एकच सिंक्रोनस स्टँडबाय (राखीव रेप्लिका) ठेवला आणि तो पडला, तर प्रायमरी (मुख्य डेटाबेस) ठणठणीत असूनही कमिट लटकतात. सिंक्रोनस जोडी मुंबईतल्याच दोन झोनमध्ये (रीजनमधल्या वेगवेगळ्या डेटा सेंटरांत) ठेवा, हैदराबाद असिंक्रोनस (पोचेची वाट न बघणारं). मग किती सेकंदांचा डेटा गेला तर चालेल, हे धंदा बघणाऱ्यांकडून लेखी घ्या.

प्रायमरीची डिस्क अचानक भरली?

आधी रेप्लिकेशन स्लॉट (रेप्लिका कुठवर आली याची प्रायमरीवरची नोंद) बघा. लिंक तुटली की स्लॉट बदलांचे लॉग धरून ठेवतो आणि मर्यादा घातली नसेल तर डिस्क भरेपर्यंत सोडत नाही. पोस्टग्रेस १३ पासून ही मर्यादा घालता येते.

आणि चुकून चाललेलं डिलीट रेप्लिकावरही इमानेइतबारे पोचतं. वेगळा बॅकअप हवाच.

फेलओव्हर (रेप्लिकाला प्रायमरी करून काम तिकडे हलवणं) मशीनवर सोडणं

२१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहब या कोड साठवायच्या सेवेच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरच्या नेटवर्कमध्ये जोड फक्त ४३ सेकंद तुटली. तेवढ्यात ऑटोमेशनने पश्चिमेकडचे डेटाबेस प्रायमरी केले. पूर्वेकडे झालेली काही लिखाणं पश्चिमेला पोचलीच नव्हती, आणि पश्चिमेकडे नवी लिखाणं सुरू झाली. तो गुंता निस्तरताना सेवा २४ तास ११ मिनिटं विस्कळीत राहिली. एका रीजनमधल्या झोनमध्ये स्वयंचलित फेलओव्हर ठीक, पण रीजन ओलांडताना बटण माणसाच्या हातात असू द्या. आणि ते दाबण्याआधी जुन्या प्रायमरीला लिहिता येणार नाही, याची खात्री करा.

फेलओव्हर झाला तरी ॲप हटून बसलं, तर डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) आणि कनेक्शन पूल (डेटाबेसशी उघड्या ठेवलेल्या जोडण्यांचा साठा) तपासा; पूल जुन्या जोडण्या कवटाळून बसतो. पासवर्ड आणि सर्टिफिकेटंही हैदराबादला आहेत ना, तेही बघा. आमची फेलओव्हरची पायऱ्यांची यादी ज्या विकीवर होती, ती विकी मुंबईतच होस्ट केलेली निघाली. आता त्या यादीचा प्रिंटआउट कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.