विद्यार्थिदशेतील स्वयंसेवा : काम कसे शोधावे आणि कसे निभवावे

विद्यापीठात शिकत असताना समाजासाठी काही करावे असे ज्याला मनापासून वाटते, त्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘मी कोणते काम करू?’ असा असतो. माझ्या मते त्याआधी दुसरा एक प्रश्न सोडवायला हवा. आठवड्यातला नेमका कोणता वेळ मी सत्र संपेपर्यंत, अभ्यासाचा ताण वाढला तरी, न चुकवता देऊ शकेन? संस्थांकडे उत्साहाने येणारी माणसे पुष्कळ असतात. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, चौथ्या महिन्यातही तितक्याच नेमाने येणारी माणसे मात्र त्यांना फार थोडी मिळतात. विद्यार्थ्याजवळ पैसा नसतो, बहुतेकदा अनुभवही नसतो. पण पाळलेला वेळ तो नक्की देऊ शकतो, आणि पुढे सांगितलेल्या प्रत्येक कामाचा पाया तोच आहे.

म्हणून सुरुवात वेळापत्रकापासून करावी. सत्राचे सगळे आठवडे एका कागदावर मांडावेत आणि त्यांवर तासिका, प्रात्यक्षिके, प्रकल्प सादर करण्याच्या तारखा, परीक्षा, घरी जाण्याचे दिवस हे सर्व आधी भरून टाकावे. उरलेल्या जागेत जाण्यायेण्याचा वेळ धरून किती तास निघतात ते पाहावे आणि संस्थेला त्याच्या निम्मेच तास कबूल करावेत. हे कंजूषपणाचे वाटेल, पण कबूल केलेले दोन तास पाळणारा स्वयंसेवक सहा तास कबूल करून तिसऱ्या आठवड्यात दिसेनासा होणाऱ्यापेक्षा कितीतरी उपयोगी असतो. परीक्षेच्या काळात येता येणार नाही, हेही पहिल्याच भेटीत तारखांसह सांगून ठेवावे. समन्वयकाला सुट्टीची अडचण नसते, न कळवता पडलेल्या खाड्याची असते.

नेम कशासाठी, हे रक्तदानाच्या उदाहरणावरून चांगले समजते. महाविद्यालयात वर्षातून एकदा मोठे शिबिर भरते, रांग लागते, आणि त्या दिवशीची संख्या कौतुकाने सांगितली जाते. परंतु साठवलेल्या तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवसच वापरता येतात आणि प्लेटलेट तर बहुतेक ठिकाणी जेमतेम ५ दिवस टिकतात. एकाच दिवशी गोळा झालेले रक्त पुढच्या दोन-तीन महिन्यांची गरज भागवू शकत नाही, आणि सुट्ट्यांत विद्यार्थी पांगले की नेमकी तेव्हाच टंचाई होते. दहा-बारा मित्रांनी मिळून आपापल्या दानाच्या तारखा वर्षभरात विभागून घेतल्या आणि रक्तपेढीला ती यादी दिली, तर एका दिवसाच्या गर्दीपेक्षा ते मोठे काम होते. वय, वजन, हिमोग्लोबिन आणि दोन दानांमधले अंतर यांचे नियम देशानुसार थोडे बदलतात. ते रक्तपेढीतच विचारून घ्यावेत.

काम कुठे शोधावे

पहिली जागा म्हणजे स्वतःचे विद्यापीठ. शिकणाऱ्या तरुणांनी वर्गाबाहेर पडून लोकांमध्ये काम करावे ही कल्पना जुनी आहे. लंडनच्या पूर्व भागातील गरीब वस्तीत १८८४ मध्ये टॉयन्बी हॉल सुरू झाले, ते ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी तिथे राहावे, शिकवावे आणि त्या वस्तीचे जगणे जवळून पाहावे यासाठीच. भारतात राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झाली; तिच्या स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करावे अशी अपेक्षा असते. अशी योजना जिथे आहे तिथे तिच्यात नाव नोंदवण्याचा फायदा मोठा आहे, कारण परवानगी, विमा, तासांची नोंद आणि जबाबदार शिक्षक या गोष्टी तिथे आधीच लावून दिलेल्या असतात. घरबसल्या करता येण्याजोगी कामे संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाच्या संकेतस्थळावरही मिळतात. हा कार्यक्रम १९७० मध्ये स्थापन झाला.

तरीही सगळ्यात चांगले काम पुष्कळदा कोणत्याही यादीत नसते. वाचनालय, रुग्णालयाचा समाजसेवा विभाग, वृद्धाश्रम, दृष्टिहीन मुलांची शाळा, अशा एखाद्या ठिकाणी स्वतः जावे, कामाची गर्दी नसेल अशी वेळ साधावी आणि ‘मला काहीतरी काम द्या’ असे न म्हणता एकच प्रश्न विचारावा: ‘माणूस नाही म्हणून तुमच्याकडे कोणते काम राहून जाते?’ याचे उत्तर बहुधा साधे असते. पुस्तकांना क्रमांक घालायचे राहिलेत, देणगीच्या पावत्या वहीत चढवायच्या आहेत, रुग्णाच्या नातेवाइकाला कोणत्या खिडकीवर कोणता कागद द्यायचा हे समजावून सांगायला कुणी नाही. ही कामे फोटोत दिसत नाहीत, पण त्यांच्यामुळे संस्थेचे रोजचे गाडे चालते, आणि संस्था आतून कशी चालते हे शिकायला याहून चांगली जागा नाही.

आपल्या शिक्षणाचा उपयोग होईल असे काम मिळाले तर उत्तम. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी हिशेब नीट लावून देऊ शकते, कायद्याचा विद्यार्थी विधी साहाय्य केंद्रात अर्ज भरायला मदत करू शकतो, भाषेचा अभ्यासक माहितीपत्रके लोकांना कळतील अशा भाषेत लिहून देऊ शकतो. मात्र जे काम आपल्याला पगारी नोकरीत करू दिले जाणार नाही ते स्वयंसेवक म्हणूनही करू नये. वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याने शिबिरात टाके घालणे किंवा मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीने एकटीने समुपदेशन करणे ही सेवा नाही. चूक झालीच, तर तिची किंमत समोरचा माणूस मोजतो.

लेखनिकाचे काम

ज्या कामाबद्दल विद्यार्थ्यांना फारशी माहिती नसते आणि ज्याची गरज दर परीक्षेला पडते, असे एक काम म्हणजे लेखनिक होणे. दृष्टिहीन किंवा हाताने लिहू न शकणारा परीक्षार्थी उत्तर सांगतो आणि लेखनिक ते उतरवतो. लेखनिकाचे शिक्षण किती असावे, त्याचा विषय कोणता असू नये, यांचे नियम प्रत्येक परीक्षा मंडळाचे वेगळे असतात आणि ते आधी वाचून घ्यावे लागतात. पण खरे कौशल्य त्या नियमांच्या पलीकडे आहे.

परीक्षेच्या आधी किमान एकदा परीक्षार्थीला भेटावे आणि जुनी प्रश्नपत्रिका घेऊन तासभर सराव करावा. गणितात ‘वर्गमूळ अ अधिक ब’ असे तो म्हणाला, तर वर्गमुळाच्या चिन्हाखाली एकटा अ येतो की पूर्ण बेरीज, हे कसे सांगायचे ते दोघांनी आधीच ठरवून ठेवावे. परिच्छेद कुठे संपतो, कोणता शब्द अधोरेखित करायचा, यांसाठीही खुणेचे शब्द ठरवावेत. बहुपर्यायी प्रश्न वाचताना चारही पर्याय एकाच सुरात वाचण्याचा सराव करावा, कारण उत्तर ओळखीचे असेल तर आवाज नकळत त्या पर्यायावर रेंगाळतो आणि ती सूचना ठरते. उत्तर चुकीचे आहे हे कळत असूनही हात न थांबवता तेच लिहिणे पहिल्या वेळी फार जड जाते. तरी तेच लिहायचे असते, कारण पेपर त्याचा असतो. आणि या कामात उशिराला माफी नाही: लेखनिक वेळेवर पोहोचला नाही, तर समोरच्याचे वर्ष वाया जाऊ शकते. होकार देण्याआधी स्वतःच्या परीक्षेची तारीख पाहून घ्यावी आणि एक पर्यायी लेखनिक सुचवून ठेवावा.

याच वाटेने पुढे जाऊन पाठ्यपुस्तके ध्वनिमुद्रित करून देता येतात. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती तयार करणे सोपे व्हावे म्हणून २०१३ मध्ये माराकेश करार झाला; कोणते पुस्तक कोणत्या संस्थेमार्फत करता येईल हे ज्या त्या देशाच्या कायद्यानुसार पाहावे. वाचताना पान क्रमांक सांगावा, तक्ता ओळीओळीने वाचावा आणि आकृतीत काय दाखवले आहे ते दोन वाक्यांत सांगावे.

मुलांबरोबरचे काम

मुलांना शिकवणे हे बहुतेकांना सर्वांत सोपे काम वाटते. मला ते सर्वांत जबाबदारीचे वाटते. अमेरिकेत मुले आणि त्यांचे स्वयंसेवक मार्गदर्शक यांच्यावर झालेल्या एका अभ्यासात, जो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, असे आढळले की ज्यांची सोबत वर्षभर किंवा अधिक टिकली त्या मुलांना सर्वाधिक लाभ झाला. ज्यांची तीन महिन्यांच्या आतच तुटली त्यांचा स्वतःवरचा विश्वास उलट घटला. अर्धवट सोडलेले काम मुलांच्या बाबतीत शून्यावर थांबत नाही, ते उणे होते.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. दर शनिवारी सकाळी मी एका वाचनवर्गाला जात असे. परीक्षा जवळ आली आणि मी तीन शनिवार न कळवता गेलो नाही. चौथ्या शनिवारी गेलो तेव्हा एका मुलीने आम्ही वाचत असलेले गोष्टीचे पुस्तक पुढे केले. आम्ही थांबलो होतो त्याच पानात वहीच्या कागदाची घडी खुणेसाठी ठेवलेली होती, आणि त्यानंतरचे एकही पान तिने उघडले नव्हते. ती रागावली नाही, तिने काही विचारलेही नाही. तेव्हापासून कबूल केलेला वार मी परीक्षेच्या वेळापत्रकाशी ताडून मगच सांगतो.

याच कारणाने अनाथालयांना दोन-चार दिवसांच्या भेटी देणे टाळावे. माया लावून निघून जाणाऱ्या अनोळखी माणसांची रीघ मुलांच्या हिताची नसते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१९ च्या ठरावात अशा स्वयंसेवेतून होणाऱ्या हानीकडे लक्ष वेधले आहे. तिथे मदत करायचीच असेल तर कर्मचाऱ्यांचा भार हलका करणारे, मुलांच्या आड न येणारे काम मागावे.

ज्यांचे दिवस ठरलेले नसतात

प्रयोगशाळेच्या पाळ्या किंवा अर्धवेळ नोकरी यांमुळे ठरावीक वार देणे काहींना शक्यच नसते. त्यांच्यासाठी नकाशे तयार करण्याचे काम आहे. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे पाहून रस्ते आणि इमारती ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर रेखाटल्या आणि मदतपथकांनी तो नकाशा वापरला. आजही असे काम छोट्या चौकोनांत वाटून दिले जाते. एक चौकोन घ्यावा, पूर्ण करावा, आणि अनुभवी माणूस तो तपासतो. नवख्यांच्या हातून इमारतीची सावलीही इमारत म्हणून रेखाटली जाते, म्हणून पहिले काही चौकोन सावकाश करावेत आणि तपासनिसाचा शेरा वाचल्याशिवाय पुढचा चौकोन घेऊ नये.

संस्थेला विचारायच्या गोष्टी

माझी देखरेख कोण करणार, प्रवासखर्च मिळतो का, दुखापत झाल्यास जबाबदारी कोणाची, तक्रार कुणाकडे करायची, हे पहिल्याच भेटीत विचारावे. त्यात संकोच मानण्याचे कारण नाही. मुलांबरोबर किंवा आजारी माणसांबरोबर काम असेल तर संस्थेने तुमची ओळख पडताळून पाहायला हवी. काहीही न विचारता पहिल्याच दिवशी तुम्हाला मुलांबरोबर एकटे सोडणारी संस्था इतरांनाही तसेच सोडत असणार, हे लक्षात घेऊन तिथून परत फिरावे. स्वयंसेवेसाठी मोठी रक्कम मागितली जात असेल तर ती कुठे खर्च होते याचा लेखी हिशेब मागावा.

लाभार्थ्यांचे फोटो त्यांच्या आणि मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीशिवाय काढू नयेत, आणि कुणी विश्वासाने सांगितलेली घरची गोष्ट बाहेर बोलू नये. याला अपवाद एकच. मुलाला मारहाण होते आहे किंवा कुणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करते आहे असे कळले, तर ते मनात न ठेवता त्याच दिवशी समन्वयकाला सांगावे.

प्रमाणपत्राविषयी थोडक्यात: तासांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी आणि दर महिन्याला सही घ्यावी, कारण सत्राच्या शेवटी कुणालाच काही नीट आठवत नाही. नोकरीच्या अर्जात ‘समाजसेवेची आवड’ असे न लिहिता काय केले, किती महिने केले, ते लिहावे.

काम सोपवून जाणे

विद्यार्थी कधीतरी जाणारच, पदवी मिळते, गाव सुटते; म्हणून जाण्याची तयारी पहिल्या आठवड्यातच सुरू करावी. एक साधी वही करावी आणि प्रत्येक भेटीनंतर पाच ओळी लिहाव्यात: आज काय झाले, कोण आले नाही, काय अर्धे राहिले, पुढच्या वेळी काय न्यायचे. सोडण्याच्या दीड-दोन महिने आधी समन्वयकाला कळवावे, शक्य असेल तर आपल्याच महाविद्यालयातील खालच्या वर्गातला कुणीतरी शोधून द्यावा, आणि शेवटचे दोन-तीन आठवडे दोघांनी बरोबर जावे. पहिल्या आठवड्यात त्याने नुसते पाहावे, दुसऱ्यात त्याने काम करावे आणि तुम्ही बाजूला बसावे. मुलांना किंवा वृद्धांना आपण कोणत्या तारखेपासून येणार नाही हे स्वतःच्या तोंडाने सांगावे, ‘परत येईन’ असे खोटे आश्वासन देऊ नये, आणि शेवटच्या दिवशी ती वही नव्या माणसाच्या हातात देऊन पुढच्या भेटीचा वार त्याच्याकडून तिच्यात लिहून घ्यावा.